मेडिकलची रांग

नवनाथचा फोन आला तेव्हा विजयश्री भोसरीच्या ऑफिसात एका बाईला रेशन कार्डावर नाव कसं चढवायचं ते समजावत होती. ऑफिस म्हणजे दुकानाच्या वरच्या दोन खोल्या. संस्थेचा बोर्ड मुद्दामच लहान ठेवलेला, आणि त्यावर आजाराचं नाव नव्हतं. इथं येणाऱ्याला जिना चढताना कुणी बघितलं तरी काही कळू नये, एवढीच त्यामागची इच्छा.

"ताई, मी पळून आलो."

"कुठून?"

"रांगेतून. मेडिकलच्या."

त्याच्या आवाजामागे ट्रकचे हॉर्न कर्कश वाजत होते. विजयश्री उठून खिडकीपाशी गेली. फोनवर बोलताना तिला कधी बसता येत नसे.

"झालं काय पण?"

"सगळ्यांचं रक्त काढायलेत. तो लॅबवाला मोठ्यानं म्हणाला, शुगर, कावीळ, एचआयव्ही, सगळं एकदमच होतंय, चला, हात पुढं करा. माझ्यापुढं दोघंच होते. मी बाथरूमला जातो म्हणलो आणि गेटाबाहेर आलो."

"आहेस तिथंच थांब. मी येते."

"थांबणं होईना ताई. मी चालायलो."

"कुठं?"

"काय माहीत. रस्ता हाय, चालायलो."

ती चाकणची बस धरून निघाली. मोशीचा पूल ओलांडल्यावर नेहमीसारखीच गाडी अडकली. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मधल्या फटीतून दुचाक्या. विजयश्रीनं दोनदा सीट बदलली, मग सरळ दारातच जाऊन उभी राहिली. चिंबळी फाट्याच्या अलीकडे तिला तो दिसला. पांढरा इस्त्रीचा शर्ट, पाठीला सॅक, रस्त्याच्या कडेच्या धुळीतून मान खाली घालून मोशीच्या दिशेनं भराभर चालत होता. बस उभीच होती. तिनं कंडक्टरला दार उघडायला लावलं आणि उतरली.

"नवनाथ!"

त्यानं वर बघितलं, पण पाय थांबले नाहीत. शेवटी तीच त्याच्या बरोबरीनं चालू लागली.

नवनाथ निलंग्याकडचा. छत्तिशीचा. चाकण पट्ट्यात दहा-बारा वर्षं सीएनसी मशीनवर काम केलेला माणूस. मागच्या वर्षी खोकला धरला, वजन उतरलं, टीबी निघाला, आणि टीबीच्या तपासण्यांत दुसरंही निघालं. बायकोचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. त्यावर तो हॉस्पिटलच्या पायरीवर बसून इतका रडला, की बघणाऱ्यांना वाटलं घरातलं कुणी गेलं. तो आनंदानं रडत होता, हे फक्त विजयश्रीला कळलं होतं. ती तेव्हा त्याच्या शेजारी उभी होती.

गोळ्या लागू पडल्या. टीबी गेला. वजन भरलं. डॉक्टरांनी सांगितलं, रक्तात विषाणू आता सापडत नाही इतका कमी झालाय, गोळी चुकवू नको, काम कर, काही हरकत नाही. पण जुन्या कंपनीत त्याची जागा भरली गेली होती. घरी बसून तो पार कातावला. पहाटे पहिल्या शिफ्टच्या वेळेला उठायचा, बूट घालायचा, आणि बूट घालून खुर्चीवर बसून राहायचा. मग कोपऱ्यावर जाऊन कंपन्यांच्या बसेस बघत उभा राहायचा. कुठल्या बसमध्ये कोण चढलं ते संध्याकाळी बायकोला सांगायचा. ती मसाल्याच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. एकदा ती विजयश्रीला म्हणाली होती, "ताई, ह्यांना काम बघा, न्हाईतर मला दुसरं घर बघा."

म्हणून विजयश्रीनं ओळखी काढल्या. कुरुळीच्या पुढे गिअर बनवणाऱ्या एका कंपनीत ऑपरेटर हवे होते. नवनाथनं ट्रायल दिली. सुपरवायझरनं त्यानं बनवलेला भाग, म्हणजे जॉब, मोजून बघितला आणि म्हणाला, मेडिकल झालं की सोमवारपासून ये. आणि आज मेडिकल होतं.

"असं करता येत नाही त्यांना," चालता चालता विजयश्री म्हणाली. "कायदा आहे. नोकरी देताना ही टेस्ट करताच येत नाही. न विचारता तर मुळीच नाही."

"कायदा माझ्यासंगं शिफ्टला येणार हाय का?"

त्यानं वेग वाढवला, मग तिनंही.

"मी विचारलं असतं, ही टेस्ट का करता, तर सगळ्या लाइननं माझ्याकडं वळून बघितलं असतं," नवनाथ म्हणाला. "नुसतं विचारलं तरी कळतंय की. हात पुढं केला तरी कळतंय. मग काय करायचं माणसानं? पळालो."

"मी त्यांच्याशी बोलते."

"माझं नाव घेऊन?"

"नाही."

"शपत घ्या."

"घेतली."

तेव्हा कुठं तो थांबला. रस्त्याकडेला एक बंद पडलेला टेम्पो होता, त्याला टेकून उभा राहिला. बूट धुळीनं पांढरे झाले होते. त्यानं खिशातला रुमाल काढला आणि वाकून ते पुसायला लागला, जणू अजून कुणी त्याला आत बोलावणार होतं.

कंपनीच्या एचआर साहेबांचं नाव दिग्विजय. भेटीची वेळ मिळवण्यातच आठवडा गेला. त्या आठवड्यात नवनाथ दिवसातून तीन-चार वेळा फोन करायचा, आणि विजयश्री प्रत्येक वेळी सांगायची, अजून नाही. रात्री स्वयंपाक करता करता ती साहेबांशी बोलायची वाक्यं पुटपुटायची. तिची आई, मंजुळाबाई, म्हणायची, "कुणाशी भांडतीयेस गं? पोळी करपली."

मंजुळाबाई सत्तरीच्या. नवरा पिंपरीच्या एका कंपनीत फाउंड्रीत होता. कॉलनीत सगळ्यांत आधी त्यांच्या घरी बाबासाहेबांचा मोठा फोटो लागला, त्याच्या फ्रेमचे पैसे त्यानं ओव्हरटाइम करून जमवले होते. नवरा गेल्यावर त्या मुलीकडे मोशीला राहायला आल्या. विजयश्रीला स्वतःला हा आजार आहे, हे मोशीत फक्त त्यांना ठाऊक होतं. विजयश्रीचा नवरा गेला त्याच वर्षी तिला कळलं होतं. गोळ्या घेत ती उभी राहिली, संस्थेत लागली, आणि हॉस्पिटलातल्या गोळ्यांच्या सेंटरवर येणाऱ्यांना ती उघड सांगायची, "मलाही आहे, बघा माझ्याकडे." पण ते सेंटरपुरतं. मोशीच्या सोसायटीत ती फक्त 'हॉस्पिटलात काम करणाऱ्या ताई' होती. आईची तशी अटच होती. मंजुळाबाईंचं संध्याकाळचं सगळं जग म्हणजे सोसायटीच्या गेटाजवळचं बाकडं. तिथं पाच-सहा जणी बसायच्या. सुना, गुडघे, पाण्याचा टँकर, सगळं तिथं निघायचं. "तेवढं माझं बाकडं राहू दे," त्या म्हणायच्या.

दिग्विजय माणूस वाईट नव्हता. त्यानं चहा मागवला. विजयश्रीला सोफ्यावर बसवलं. टेबलाच्या पलीकडे न बसता तोही सोफ्यावरच तिच्या बाजूला बसला, कारण टेबलावर कुठल्यातरी ऑडिटच्या फायलींचा ढीग होता.

"आमच्याकडे असलं काही नाही मॅडम," तो म्हणाला. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमच्या मेडिकलमध्ये एचआयव्हीची टेस्ट होते. मुलांना न विचारता."

त्यानं फोन उचलून कुणाला तरी बोलावलं. एक मुलगी आत आली, आणि विजयश्रीच्या हातातला कप बशीवर जरा जोरात टेकला. ती करिष्मा होती. त्यांच्याच सोसायटीतली, बी विंगमधली. रोज सकाळी लिफ्टमध्ये ओले केस पुसत उभी असायची. करिष्मानंही तिला ओळखलं. नमस्कार करावा की नाही, हे न समजून ती तशीच उभी राहिली.

"लॅबच्या पॅकेजमध्ये एचआयव्ही आहे का?" दिग्विजयनं विचारलं.

"हो सर. आधीपासूनच आहे. कॉन्ट्रॅक्टरनंच ते पॅकेज ठरवलंय."

दिग्विजयनं कपाळ चोळलं. खरंच त्याला माहीत नव्हतं, असं विजयश्रीला वाटलं. पण पुढच्याच क्षणी तो सावरून बसला.

"बरं. तक्रार कुणाची आहे?"

"नाव नाही सांगणार."

"सर," करिष्मा हळूच म्हणाली, "त्या दिवशी एक जण रांगेतून निघून गेला होता. लॅबवाले म्हणत होते."

"मग तोच असणार." दिग्विजय विजयश्रीकडे वळला. "पळाला म्हणजे त्याला आहे."

"सुई बघूनसुद्धा माणसं पळतात साहेब."

"मॅडम, तुम्हालाही कळतंय, मलाही कळतंय. हे बघा, माझं त्याच्याशी वैर नाही. पण शॉप फ्लोअरवर हात कापतात, रक्त येतं. बाकीची दोनशे पोरं आहेत, त्यांची जबाबदारी माझी आहे. उद्या कुणाच्या आईबापानं विचारलं तर मी काय सांगू?"

विजयश्रीनं समजावलं. एका मशीनवर काम करून, एका डब्यात जेवून, एका नळाचं पाणी पिऊन हा आजार लागत नाही. रक्त कुणाचंही असो, हातमोजे घालूनच पुसायचं असतं. शिवाय तुमच्याकडे आधीच कामाला असलेल्यांपैकी किती जणांना आहे, तुम्हाला माहीत तरी आहे का? नियमित गोळ्या घेणारा माणूस उलट बरा, त्याची तपासणी होत असते. कायद्याचं कलम तिनं सांगितलं. ती अशा वेळी फार भरभर बोलायची. बोलता बोलता तिचा पाय हलत होता आणि टीपॉयवरची बशी किणकिणत होती.

दिग्विजयनं सगळं ऐकून घेतलं. मग थकल्यासारखा म्हणाला, "हे पुस्तकातलं झालं. मला एक खरं सांगा. तुम्ही स्वतः बसाल का, अशा माणसाच्या शेजारी? आठ तास?"

विजयश्रीचा पाय थांबला.

तिनं आधी करिष्माकडे बघितलं. ती अजून दाराशीच उभी होती. तिला बाहेर पाठवा, असं म्हणता आलं असतं. ते सुचलंही. पण राग त्या विचाराच्या पुढे निघून गेला होता.

"तुम्ही बसलात की," ती म्हणाली. "मघापासून बसलायत."

दिग्विजयला कळलं नाही. मग कळलं. तो उठला नाही, सरकलाही नाही. पण त्याचा हात सोफ्याच्या मधल्या भागावर होता, तो त्यानं मांडीवर घेतला. घेतला, आणि आपण घेतला हे लक्षात आल्यावर चेहरा लाल झाला.

"अकरा वर्षं झाली," विजयश्री म्हणाली. "रोज बसनं येते, जाते. ऑफिसात जेवते. आईच्या हातचं खाते, आई माझ्या हातचं खाते. आता तुम्हीच सांगा, मला इथून उठवायचं का?"

करिष्मा जमिनीकडे बघत होती.

"मी लीगलशी बोलतो," दिग्विजय शेवटी म्हणाला. "ती टेस्ट निघेल. आणि तो जो कोण आहे, त्याला सांगा, पुन्हा मेडिकलला ये. मी कुणाला विचारणार नाही कोण ते."

बाहेर आल्यावर विजयश्रीला जिंकल्यासारखं काहीच वाटलं नाही. गेटपासून मेन रोडपर्यंत ती जवळजवळ धावतच आली. बसला वेळ होता म्हणून एक स्टॉप पुढे चालत गेली, मग अजून एक. करिष्मा. बी विंग. तिची सासू आईच्या शेजारी बाकड्यावर बसते.

घरी पोचल्यावर चप्पल काढायच्या आधीच तिनं आईला सांगितलं. मंजुळाबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी ऐकलं, मेथीची जुडी बाजूला ठेवली, उठल्या, आणि घासून पालथी घातलेली भांडी पुन्हा घासायला घेतली.

"आई, बोल ना काहीतरी."

"माझ्याच्यानं काही बोलवत नाही."

"मला राहवलं नाही गं."

"ते दिसतंय." त्यांनी नळ सोडला. "त्या माणसासाठी बोललीस?"

विजयश्रीला हो म्हणता आलं असतं. "नाही," ती म्हणाली. "मला राग आला म्हणून बोलले."

मंजुळाबाईंनी नळ बंद केला. "मग ठीक आहे," त्या म्हणाल्या. पण काय ठीक होतं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि त्या दिवशी त्या बाकड्यावर गेल्या नाहीत.

मग वाट बघणं सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी काही झालं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. विजयश्री सकाळी लिफ्ट टाळून जिन्यानं उतरायची. वॉचमननं नेहमीसारखं 'काय ताई' म्हटलं तरी त्यात काही वेगळं आहे का, ते ती रस्ताभर तपासत राहायची. वाण्यानं सुटे पैसे हातात न देता काउंटरवर ठेवले, तर त्याला कळलं असं वाटायचं. मग आठवायचं, तो सगळ्यांचेच तसे ठेवतो. मंजुळाबाई पुन्हा बाकड्यावर जायला लागल्या, पण परत आल्यावर त्यांचा चेहरा उतरलेला असायचा.

"काही बोलल्या का?"

"नाही. गुडघ्यांचंच बोलत होत्या."

"मग?"

"मग काय मग. त्या गप्प झाल्या की वाटतं, आता. बोलायला लागल्या की वाटतं, माझ्यासमोर दुसरंच बोलतायत. करिष्माची सासू हसून बघते. कशाला हसते? आधीपण हसायची की काय, ते आता आठवतच नाही."

इकडे नवनाथला कंपनीतून पुन्हा बोलावणं आलं. या वेळी लॅबवाल्यानं शुगर आणि कावीळ एवढंच म्हटलं. नवनाथनं हात पुढे केला. तिथून बाहेर पडल्यावर त्यानं फोन केला तेव्हा त्याचा श्वास लागला होता, जणू आताही पळूनच आला होता. "झालं ताई. सोमवारी ज्वाइन. दुसरी शिफ्ट." विजयश्रीनं त्याला कसं झालं ते सांगितलं नाही. त्यानं विचारलंही नाही. मग एकाएकी त्याला भीती वाटली असावी. "तुमी माझं नाव तर न्हाई ना घेतलं?"

"नाही घेतलं."

"मग ऐकलं कसं त्यांनी?"

"कायदा सांगितला."

"कायद्याला एवढं ऐकतात व्हय?" तो म्हणाला, आणि खूश होऊन फोन ठेवला.

पंधरा-वीस दिवस असेच गेले. एका संध्याकाळी विजयश्री कामावरून आली तेव्हा आई घरी नव्हती, आणि गेटापाशी बाकडंही रिकामं होतं. ती घाबरली. धावत गच्चीवर गेली. खाली बघते तर मंजुळाबाई सोसायटीच्या बागेतल्या वाटेवर एकट्या, पदर कमरेला खोचून, फेऱ्या मारत होत्या. गुडघे दुखतात म्हणून पायऱ्या टाळणारी बाई. विजयश्री घाईनं खाली उतरली.

"आई! काय झालं?"

"सांगून टाकलं," मंजुळाबाई म्हणाल्या, आणि चालतच राहिल्या.

"कुणी? करिष्मानं?"

"ती बिचारी कसली सांगतेय. मी सांगितलं."

विजयश्री त्यांच्या मागोमाग चालू लागली.

"रोज जाऊन बसायचं, आणि रोज कुणाच्या तरी तोंडाकडं बघत राहायचं, आज म्हणेल, उद्या म्हणेल. माझा जीव जायची वेळ आली. आज बाकड्यावरच्या त्या दुर्गाबाईनं तिच्या नणंदेचं काहीतरी सुरू केलं, कुणालातरी कसला आजार निघाला म्हणून. मला वाटलं, आता माझ्याकडंच यायलीय गाडी. नव्हती येत. पण मीच म्हटलं, माझ्या पोरीला एचआयव्ही आहे. अकरा वर्षं. ती गोळ्या खाते, कामाला जाते, मला सांभाळते. कुणाला उठायचं असेल तर उठा."

"आणि?"

"उठल्या. तीन जणी." मंजुळाबाई पहिल्यांदा थांबल्या. त्यांना धाप लागली होती. "दुर्गाबाईला तर चप्पलसुद्धा नीट घालता आली नाही. करिष्माची सासू बसून राहिली. मग तिनं मला विचारलं, उद्या टँकर कितीला येणार."

विजयश्रीला हसावं की ओरडावं कळेना. तिनं आईचा हात धरला. हात गरम होता.

"माझ्यावर चिडलीस का?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"हो."

"चीड. पण मला आज झोप लागेल."

पुढचे दिवस सोपे नव्हते. तिसऱ्या मजल्यावरची एक मुलगी विजयश्रीकडे गणित विचारायला यायची, ती यायची बंद झाली. कुणीतरी सोसायटीच्या ग्रुपवर लिफ्टच्या बटणांच्या स्वच्छतेविषयी मेसेज टाकला, आणि कुणीतरी त्यावर अंगठा दिला. घरमालकानं फोन करून, करार संपेल तेव्हा बघू, असं म्हटलं. करार संपायला अजून बरेच महिने होते. दुर्गाबाई आता दुसऱ्या गेटाच्या पायरीवर बसायची. पण मंजुळाबाई रोज ठरल्या वेळी खाली जाऊन बाकड्याच्या मधोमध बसायच्या. कधी करिष्माची सासू असायची, कधी कुणीच नसायचं. विजयश्री वरून खिडकीतून बघायची. एकदा ती खाली जाऊन म्हणाली, आई, चल वर, थंडी वाजेल. मंजुळाबाई म्हणाल्या, "तू जा. तुला बसायची सवय नाही."

लिफ्टमध्ये एकदा करिष्माची गाठ पडली. केस ओलेच होते. दार लागल्यावर ती घाईघाईनं म्हणाली, "ताई, मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं हो. शपथेवर. सासूबाई मलाच रागावल्या, तुला माहीत होतं तर मला का नाही बोललीस म्हणून."

"माहितीये मला. आईनंच सांगितलं."

"मला इतके दिवस भीती वाटायची, तुम्हाला वाटेल मीच सांगितलं." तळमजला आला. करिष्मा उतरली नाही, दार पायानं अडवून उभी राहिली. "सर विचारत होते, तुम्ही एकदा सुपरवायझर लोकांशी बोलाल का म्हणून. त्यांनाच फोन करायचा होता, पण त्यांना अवघड वाटतंय. त्या दिवशी हात मागे घेतला ना त्यांनी, ते दोनदा बोलून दाखवलं माझ्याकडे."

विजयश्री गेली. कॅन्टीनच्या बाजूच्या खोलीत पंचवीसेक सुपरवायझर आणि लाइन लीडर बसले होते. ती उभी राहूनच बोलली, स्वतःचंही सांगितलं, आणि ती टेस्ट कशी निघाली तेही. पहिल्या रांगेतल्या एकानं, जयसिंग नावाच्या सुपरवायझरनं, विचारलं, "मॅडम, समजा माझ्याच लाइनवर कुणी असला तर मला कळायला नको का?"

"कशाला कळायला हवं?"

तो विचारात पडला. "काळजी घ्यायला."

"कसली काळजी घ्याल?"

"म्हणजे..." तो हसला, मान खाजवली. "त्याला जड काम नको द्यायला."

"आणि त्याला जड काम झेपत असेल तर?"

बाकीचे हसले. जयसिंगही हसला. पण मागच्या बाजूला दोघं जण हाताची घडी घालून बसले होते, ते शेवटपर्यंत हसले नाहीत, आणि चहा न घेता गेले.

नंतर दिग्विजय तिला शॉप फ्लोअर दाखवायला घेऊन गेला. कूलंटचा वास, मशीनची घरघर, पिवळ्या पट्ट्यांमधून चालायची वाट. चौथ्या-पाचव्या मशीनवर नवनाथ होता. निळा गणवेश, डोळ्यांवर चष्मा. त्यानं दार सरकवलं, जॉब काढला, हवेच्या नळीनं फुंकला, गेज लावून माप घेतलं. मान वर केली तेव्हा समोर विजयश्री होती, आणि शेजारी साहेब.

त्यानं ओळख दिली नाही. एक क्षण तिच्याकडे बघितलं, जसं कुणी पाहुणे आले की बघतात, आणि पुन्हा मशीनकडे वळला. तिला ते लागलं, हे खरं आहे. इतक्या दिवसांचे इतके फोन. पण दिग्विजय तिच्या चेहऱ्याकडे बघत होता, म्हणून तीही पुढच्या मशीनकडे बघत, हे काय बनतं इथं, असं विचारत चालू लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, शिफ्टला निघायच्या आधी, नवनाथचा फोन आला.

"ताई, राग नका मानू."

"कशाचा?"

"काल. ओळख दिली न्हाई."

"दिली असतीस तर रागावले असते."

मग तो म्हणाला, "जयसिंग साहेब सांगत होते, एक बाई आलती, तिला सोताला हाय म्हणे, आणि तिनं तोंडावर सांगितलं एचआर साहेबाला. लॅबची टेस्ट तिच्यामुळंच निघाली म्हणे." मग हळूच म्हणाला, "तुमी कायदा सांगितला म्हणला होता मला."

"कायदाही सांगितला."

"मला कधी जमायचं न्हाई तसं, ताई."

"तुला कुणी सांगितलंय जमवायला? तू मशीन चालव."

"मशीन चालायलंय." त्याचा आवाज जरा मोकळा झाला. "पण कॅन्टीनची डाळ नुसतं पाणी हाय बगा. आणि दुसऱ्या शिफ्टची बस रोज उशिरा येती. ओव्हरटाइम देतो म्हणले होते, अजून न्हाई दिला. सुपरवायझरला म्हणलं तर म्हणतो, नवीन हायस, गप ऱ्हा. मी काय गप ऱ्हातो व्हय?" तो आणखी बरंच काही सांगत राहिला, कुणी टूल लपवून ठेवतो, कुणाचं कुणाशी पटत नाही, दिवाळीला सुट्टी किती. मग मध्येच म्हणाला, "थांबा, बस आली, ठेवतो," आणि खरंच ठेवला.